अंगावरून जाणं आणि अंगावर काढणं

एका 41 वर्षांच्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापासून पाळी 10-12 दिवस चालते. पहिले चार दिवस तासा-दीड तासाला पॅड बदलावा लागतो, रात्री दोन पॅड लावूनही चादर खराब होते, गाठी पडतात. हिमोग्लोबिन 8.2 आलं आहे. सोनोग्राफीत 3 सेंटिमीटरची एक गाठ दिसली. पाळी थांबवायच्या गोळ्या दोनदा घेतल्या; गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं आहे. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, पाळी जायच्या वेळेला असंच होतं, आमचंही झालं. 14 वर्षांच्या मुलीची पाळीही आठ-नऊ दिवस चालते. पिशवी काढायचीच का, की आणखी काही उपाय आहे?

पिशवीचं नंतर बोलू. आधी एक गोष्ट. तुम्हाला दोन आजार आहेत आणि तुमच्यावर उपचार मात्र एकाचेच झालेत, तेही अर्धवट. रक्त जातंय हा एक आजार. रक्त कमी झालंय हा दुसरा. पहिल्याचं कारण सापडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, असं काही नसतं. दोन्हींची सुरुवात एकाच दिवशी व्हायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांच्या फायलीत तीन-तीन सोनोग्राफ्या असतात आणि लोहाची एक गोळीही कोणी लिहिलेली नसते.

आता "असंच होतं" याबद्दल. दर पाळीला साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सगळ्या दिवसांचं मिळून दोन-तीन मोठे चमचे. पाळी आठ दिवसांपर्यंत चालली तर ते नेहमीच्या मर्यादेत धरतात. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर जास्त, हा आकडा 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या मोजण्यांतून आला. बायकांचे वापरलेले पॅड गोळा करून प्रयोगशाळेत त्यांतलं रक्त मोजलं, तेव्हा 80 च्या पुढे गेलेल्या बायकांमध्ये रक्तक्षय ठळकपणे वाढलेला दिसला. दवाखान्यात अर्थातच कोणी पॅड मोजत बसत नाही. म्हणून आता आम्ही व्याख्या सोपी केली आहे: पाळीमुळे तुमचं रोजचं जगणं, काम, झोप, मन यांच्यावर परिणाम होत असेल तर ती पाळी जास्त आहे. तुम्ही बाहेर पडताना आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघता का? गडद रंगाचेच कपडे घालता का? पहिल्या दोन दिवसांत प्रवास टाळता का? तीनही उत्तरं "हो" असतील तर मिलिलिटरचा हिशोब मला नको.

तरीही एक पाळी लिहून ठेवाच, कारण "खूप जातं" हे डॉक्टरांच्या कानावरून सहज निघून जातं, कागद मात्र जात नाही. 1990 मध्ये तयार झालेली एक साधी पद्धत आहे. हलका डाग लागलेल्या पॅडला 1 गुण, अर्धवट भिजलेल्याला 5, पूर्ण भिजलेल्याला 20. लहान गाठ 1, मोठी गाठ 5. सगळ्या दिवसांची बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त. हल्लीचे पॅड जास्त शोषतात, त्यामुळे हा हिशोब अगदी काटेकोर नाही. पण तुमच्या वर्णनावरून तुम्ही पहिल्याच दिवशी शंभरी ओलांडत असाल. मासिक पाळीचा कप वापरत असाल तर आणखी सोपं, त्यावर मापाच्या रेषाच असतात.

इथे एका शब्दाचा घोळ मिटवते, कारण तो रोज होतो. आपल्याकडे "गाठी पडतात" म्हणजे साकळलेलं रक्त आणि "पिशवीला गाठ आहे" म्हणजे फायब्रॉइड. दोन्हींना गाठच म्हणतात, म्हणून बायकांना वाटतं की पिशवीतली गाठच तुकड्या-तुकड्याने बाहेर पडतेय. तसं नसतं. पाळीचं रक्त पातळ ठेवण्याची सोय गर्भाशयात असते. रक्त त्या सोयीपेक्षा वेगाने यायला लागलं की ते आतच साकळतं. अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडणं म्हणजे वेग जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. फायब्रॉइड हा गर्भाशयाच्या स्नायूचा गोळा, तो वेगळा.

आता तुमचं 8.2. 100 मिलिलिटर चांगल्या रक्तात साधारण 40 मिलिग्रॅम लोह असतं. आपलं शरीर रोजच्या अन्नातून जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह आत घेतं, आणि त्यातलं 1 तर पाळी नसतानाही रोज खर्च होतं. महिन्याकाठी फार तर 30 शिल्लक राहतं आणि त्यातूनच पाळीचा खर्च भागवायचा असतो. 160 मिलिलिटर रक्त गेलं तर 60 च्या वर खर्च. उरलेलं कुठून येणार? साठ्यातून. साठा संपला की मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं. म्हणजे हिमोग्लोबिन हा शेवटी खाली येणारा आकडा आहे. त्याच्या कितीतरी आधी फेरिटिन उतरतं, कारण फेरिटिन म्हणजे साठ्याचं माप. ते 30 च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन 12 असलं तरी ती बाई लोहासाठी उपाशीच आहे. केस गळणं, जिना चढताना धाप, बर्फ चघळायची इच्छा, रात्री पाय अस्वस्थ होणं, कारण नसताना रडू येणं, ही सगळी तक्रार तेव्हापासूनची असते. "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं म्हणून अशा बायकांना परत पाठवलं जातं. मीही पूर्वी पाठवलंय.

आणि हो, खाऊन-पिऊन हा खड्डा भरत नाही. खाण्याकडे लक्ष द्याच, पण वरचा हिशोब बघितलात तर 8.2 वरून 12 वर नुसत्या आहाराने का जाता येत नाही ते कळेल. गोळ्या लागतील. गोळी दिवसातून तीनदा घेतल्याने तिप्पट फायदा होतो, हा समज आता मागे पडला आहे. लोहाची गोळी घेतली की शरीर पुढचे जवळजवळ 24 तास लोहाचं दार थोडं लावून घेतं. त्यामुळे दिवसातून एकदाच, किंवा एक दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं होतं आणि मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठाचा त्रासही कमी होतो. क जीवनसत्त्व असलेल्या कशाबरोबर तरी घ्या. चहा, कॉफी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. शौचाला काळं होईल, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान 1 ने वर सरकायला हवं. नाही सरकलं, गोळ्या सोसत नसतील, किंवा तुमच्यासारखं रक्त जाणं सुरूच असेल, तर शिरेतून लोह देतात. तुमच्या बाबतीत मी त्याचा विचार लवकर केला असता. रक्त चढवणं ही वेगळी पायरी आहे. हिमोग्लोबिन 7 च्या आसपास किंवा खाली गेलं, किंवा बसल्या जागी धाप, छातीत धडधड असेल तर. हिमोग्लोबिन 12 झालं की बायका गोळ्या सोडून देतात. त्यापुढे तीन महिने घ्यायच्या असतात, कारण तेव्हा कुठे साठा भरायला सुरुवात झालेली असते.

आता कारण. डॉक्टर मनात दोन कप्पे करतात: तपासणीत डोळ्यांना दिसणारी कारणं आणि न दिसणारी. दिसणारी म्हणजे पॉलिप (गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला आलेला कोंब), फायब्रॉइड, ॲडिनोमायोसिस म्हणजे अस्तराचा भाग स्नायूत शिरणं, आणि अस्तराची घातक किंवा घातक होऊ पाहणारी वाढ. न दिसणारी म्हणजे रक्त गोठण्यातला दोष, स्त्रीबीज न फुटणं, थायरॉइड, अस्तराचाच स्थानिक बिघाड, आणि औषधांमुळे किंवा तांबीमुळे होणारा रक्तस्राव. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्या आपणहून सांगा, पाळीच्या तक्रारीत हृदयाच्या गोळ्यांचं काय काम, असं समजून बायका सांगतच नाहीत.

चाळिशीनंतर स्त्रीबीज न फुटण्याचं प्रमाण वाढतं हे खरं. स्त्रीबीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे अस्तर सावरणारं संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक एकट्याने अस्तर वाढवत राहतं, आणि मग ते एका दमात न पडता जागोजागी, कसंही, बरेच दिवस पडत राहतं. तुमच्या घरातल्या बायका म्हणतात ते इथपर्यंत बरोबर आहे. पण "असं होतं" आणि "असं होऊ द्यायचं" यांत फरक आहे. आपल्या भाषेत अंगावरून जाणं आणि अंगावर काढणं हे दोन वाक्प्रचार किती शेजारी-शेजारी राहतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तुमच्या त्या 3 सेंटिमीटरच्या गाठीबद्दल. फायब्रॉइड इतके सर्रास असतात की पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या गर्भाशयात एखादा सापडतोच, आणि त्यांतल्या अनेकींना काहीही त्रास नसतो. म्हणून रिपोर्टात गाठ आहे एवढ्यावरून दोषी तीच, असं ठरत नाही. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पोकळीत डोकावणारी 1 सेंटिमीटरची गाठ रक्ताचा पूर आणते. बाहेरच्या बाजूला लटकणारी 6 सेंटिमीटरची गाठ पाळीला हातही लावत नाही. तुमच्या रिपोर्टात गाठ नेमकी कुठे आहे, पोकळीला दाबते का, अस्तर किती जाड आहे, हे लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर योनिमार्गातून सोनोग्राफी, आणि गरज पडली तर दुर्बिणीने आत बघणं, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. गाठ पोकळीत असेल तर त्याच दुर्बिणीतून ती कापून काढता येते, पोटावर छेद न घेता.

अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेणं, म्हणजे बायोप्सी, साधारण 45 च्या पुढे करतात. पण वजन जास्त असेल, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने स्त्रीबीज नियमित न फुटण्याचा आजार) असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, किंवा औषधाने फरक पडत नसेल तर त्याआधीही. तुम्ही 41 च्या असलात तरी गोळ्यांनी दोनदा दाद दिलेली नाही, म्हणून मी ती करून घेतली असती. भूल देऊन "पिशवी साफ करणं" हा मात्र उपचार नव्हे. एखादा महिना बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि ज्या गोळ्यांनी तुमची निराशा केली त्यांच्याविषयी. नॉरएथिस्टेरॉन ही गोळी अस्तर धरून ठेवते. गोळी बंद केली की ते सुटतं आणि दोन-चार दिवसांत रक्त येतं. म्हणजे गोळी फसली नाही. तिचं कामच तेवढं आहे. ती पाळी पुढे ढकलते. जोरात सुरू असलेला रक्तस्राव थांबवायला आणि त्या वेळात पुढचं ठरवायला ती उत्तम. पण पुढचं कोणी ठरवलंच नाही. हीच गोळी पाळीच्या पाचव्या दिवसापासून 21 दिवस, अशी काही महिने घेतली तर रक्तस्राव कमी होतो. पाळीच्या आधीचे नुसते 10 दिवस घेण्याचा उपयोग फक्त ज्यांचं स्त्रीबीज फुटत नाही त्यांनाच. नियमित पण जास्त पाळी येणाऱ्या बायकांना ते 10 दिवस लिहून दिलेले मी अजूनही बघते.

मग उपाय काय? संप्रेरक नको असतील तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. 1962 मध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने ते जगापुढे आणलं. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत, ही उताकोबाईंची त्यामागची तळमळ. शरीर रक्ताची गुठळी विरघळवतं, ते हे औषध रोखतं. रक्त जोरात असतं तेवढेच चार-पाच दिवस घ्यायचं, साधारणपणे 1 ग्रॅम दिवसातून तीनदा. रक्तस्राव सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. दोन चुका सर्रास होतात: पाचव्या दिवशी वैतागून सुरू करणं, आणि दिवसाला एकच गोळी घेऊन "लागू पडत नाही" म्हणणं. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेली असेल तर हे औषध नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी. पाळीत दुखतही असेल तर मेफेनामिक ॲसिडने दुखणं आणि रक्त दोन्ही थोडं कमी होतं.

पण तुमच्या परिस्थितीत, गाठीने पोकळीचा आकार बिघडवलेला नसेल आणि बायोप्सी ठीक असेल, तर मी पहिलं नाव घेईन ते हार्मोनच्या तांबीचं. नाव तांबी, पण तिच्यात तांबं नाही. तांब्याची तांबी रक्तस्राव वाढवते, ही कमी करते. आकार सारखा म्हणून बायका दचकतात. तिच्यातून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक रोज अगदी थोडं, थेट अस्तरावर सुटतं. अस्तर पातळ होत जातं आणि वर्षभरात रक्तस्राव 70 ते 95 टक्क्यांनी उतरतो. काहींची पाळी पूर्ण थांबते, आणि ते रक्त "आत साठत" नाही; अस्तरच तयार होत नाही, तर साठणार काय? 2013 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात नेहमीच्या औषधांच्या तुलनेत या तांबीने बायकांचं रोजचं जगणं जास्त सुधारलेलं दिसलं. खोट एकच, पण मोठी: पहिले तीन ते सहा महिने रोज थोडे-थोडे डाग लागू शकतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या महिन्यात ती काढून घ्यायला येते. खूप जोराचा रक्तस्राव किंवा गाठ असेल तर तांबी घसरून पडण्याची शक्यताही थोडी जास्त, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासून घ्यायची.

गर्भनिरोधक गोळ्यांनीही रक्तस्राव कमी होतो. पण 35 पुढचं वय आणि धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, गुठळीचा इतिहास, किंवा डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी असेल तर त्या टाळायच्या. गाठी मोठ्या असतील तर त्या तात्पुरत्या आकसवणारी औषधं आहेत, फक्त गाठी काढण्याची शस्त्रक्रिया आहे, गाठीची रक्तवाहिनी आतून बंद करण्याची पद्धत आहे. अस्तर जाळण्याची प्रक्रियाही आहे, पण ती मूल नको असणाऱ्यांसाठीच, आणि तिच्यानंतरही गर्भनिरोधन लागतं, कारण त्यानंतर राहिलेला गर्भ धोक्याचा.

आता पिशवी. ती काढणं हा वाईट उपाय नाही. औषधं, तांबी करून थकलेल्या, किंवा मोठ्या गाठी असलेल्या, आणि विचार करून हा निर्णय घेतलेल्या बायका नंतर भेटल्या की "आधीच का नाही केलं" म्हणतात. पण तो मागे घेता न येणारा निर्णय आहे आणि तुमच्या बाबतीत त्याच्या आधीच्या चार पायऱ्या चढलेल्याच नाहीत. शिवाय 8.2 वर ठरवून केलेली शस्त्रक्रिया कशासाठी? आधी रक्त भरून घ्या, मग टेबलावर जा. "नाही काढली तर कॅन्सर होईल" असं कोणी म्हटलं असेल तर कशावरून, ते विचारा. साध्या फायब्रॉइडचा कॅन्सर होणं अत्यंत विरळा. बायोप्सीत काही निघालं असेल तर गोष्ट निराळी, पण ती तर झालेलीच नाही. आणि काढायचीच ठरली तर अंडाशय ठेवणार की काढणार, हे सही करण्याआधी स्पष्ट विचारा. 41 व्या वर्षी कारण नसताना अंडाशय काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत दाराशी येतो, हाडं आणि हृदयावरचा परिणाम वेगळाच. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते.

एवढ्यात कधी तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, छातीत दुखतंय, किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट रुग्णालयात जा. गर्भचाचणी तर वय 41 असो की 47, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, पहिल्या दिवशीच करायची.

राहिली तुमची मुलगी. प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत तुम्ही तिचा उल्लेख केलात, मला तीच ओळ जास्त टोचली. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असते, बऱ्याचदा स्त्रीबीज फुटत नाही म्हणून जास्तही जाते. बहुतेक मुलींचं आपोआप सुरळीत होतं. पण पहिल्या पाळीपासूनच जास्त जात असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, सहज काळे-निळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्यातला दोष तपासायचा. यात सर्वांत जास्त आढळणारा अनुवंशिक दोष म्हणजे व्हॉन विलेब्रांड, रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन कमी किंवा सदोष असणं. एरिक व्हॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी 1926 मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात तो प्रथम वर्णिला. त्या कुटुंबातली त्यांच्याकडे आणलेली मुलगी पुढे 13 व्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. आज असं होण्याचं कारण नाही, कारण ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडपासून हार्मोनच्या तांबीपर्यंत उपाय आहेत. पण त्यासाठी आधी दोष ओळखावा लागतो. मी उमेदीच्या काळात अशाच एका मुलीला "होईल सुरळीत" म्हणून घरी पाठवलं होतं. सहा महिन्यांनी ती 5 हिमोग्लोबिन घेऊन आली.

तुम्हीही आठवून बघा: दात काढल्यावर किंवा बाळंतपणानंतर तुमचं रक्त लवकर थांबलं नव्हतं का? दीड वर्षापूर्वीपर्यंत पाळी खरंच ठीक होती, की आईचीही सात-आठ दिवस चालायची म्हणून तीच ठीक वाटत होती? उत्तर दुसरं असेल तर तपासणी दोघींची करा. ही रक्ततपासणी संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करण्याआधी झालेली बरी. ताणाने आणि इस्ट्रोजेनने आकडे फसवे चांगले दिसतात, म्हणून कधी ती पुन्हा करावी लागते. निकाल येईपर्यंत मुलीला पोटात दुखलं तर पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन आणि मेफेनामिक नको.